एक अख्खा पावसाळा काढलेली उपकरणं: गोव्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमधला अनुभव

कांदोळीला समुद्रापासून चालत पाच-सात मिनिटांवरचा एक फ्लॅट, पर्वरीच्या पठारावरचा एक आणि फोंड्यातला एक. तिन्ही भाड्याने देण्यासाठीच. फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर आणि एसी तिन्हीकडे जवळपास एकाच वेळी आणि बहुतेक एकाच मॉडेलचे बसवले, त्यामुळे तुलना सरळ करता येते. कंपन्यांची नावं लिहीत नाही. दोन वर्षांनी ते मॉडेल दुकानात मिळत नाही, पण घेताना काय बघायचं ते बदलत नाही.

सगळ्यात जास्त दुरुस्ती निघाली ती कांदोळीच्या फ्लॅटमध्ये, आणि तो फ्लॅट जूनपासून गणेश चवथीपर्यंत कुलूपबंद होता. भाडेकरूंनी रोज वापरलेली फोंड्याची मशीनं ठणठणीत आहेत. समुद्रावरून येणारं मीठ पत्र्यावर, स्क्रूवर, आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर बसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ओलंच राहतं. पावसाळ्यात गोव्यात आर्द्रता त्याखाली क्वचितच उतरते, म्हणजे गंज रात्रंदिवस चालू. चालू मशीन आतून गरम राहतं, कोरडं होतं. बंद खोलीतलं मशीन चार महिने भिजत पडतं. म्हणून किनाऱ्याजवळच्या घराला आधी माणूस ठरवा, मग मॉडेल. दर पंधरा दिवसांनी कुणीतरी जाऊन एसी तासभर ड्राय मोडवर, पंखे चालू आणि वॉशिंग मशीनची एक रिकामी फेरी, एवढं केलं की निम्मी दुरुस्ती टळते.

एसीवर सगळ्यात जास्त पैसा जातो, म्हणून त्याचं सविस्तर. कंडेन्सर, म्हणजे बाहेरच्या (आऊटडोअर) युनिटमधली कॉइल, तांब्याच्या नळ्यांचा हवा, कारण भोक पडलं तर म्हापशाचा किंवा मडगावचा मेकॅनिकसुद्धा ब्रेझिंग करून, म्हणजे धातू वितळवून जोडून देतो. अ‍ॅल्युमिनियमच्या कॉइलला बहुतेक जण हात लावत नाहीत, अख्खी कॉइल बदला म्हणतात. कॉइलवरच्या पातळ पट्ट्या निळ्या रंगाच्या दिसल्या म्हणजे गंजापासून संरक्षण आहेच, असं समजू नका. निळा थर अनेकदा फक्त पाणी लवकर निथळावं यासाठी असतो. त्याखाली गंजरोधक इपॉक्सीचा लेप आहे का आणि तो आऊटडोअरच्या कॉइललाही आहे का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. कांदोळीच्या युनिटच्या खालच्या कडेच्या पट्ट्या पांढऱ्या भुकटीसारख्या सुटायला लागल्या आहेत. फोंड्याचं तेच मॉडेल अजून नव्यासारखं आहे.

उपाय फुकटचा आहे: महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुणं. एसीचा एमसीबी (मेन स्विच) बंद करायचा, बागेच्या पाइपने हलक्या धारेने वरून खाली, पट्ट्यांच्या दिशेनेच. प्रेशर पंप लावला तर पट्ट्या वाकून हवा अडते. सर्व्हिसवाला कॉइलवर अ‍ॅसिड मारायला निघाला तर थांबवा. कॉइल चकाकते खरी, पण लेपही निघून जातो. युनिट समुद्राकडे तोंड करून बसवू नये, इमारतीच्या आडोशाच्या बाजूला घ्यावं. मात्र वारा लागू नये म्हणून त्याला पेटीत कोंडणं त्याहून वाईट.

स्टँडकडे कुणी बघत नाही. बाजारातला रंग मारलेला लोखंडी अँगल आधी वेल्डिंगच्या जोडावर गंजतो आणि वरचा रंग शाबूत दिसत राहतो. तिसऱ्या मजल्यावरून युनिट खाली आलं तर प्रश्न एसीचा उरत नाही. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेला) किंवा ३०४ स्टेनलेस स्टीलचा स्टँड आणि स्टीलचेच नट-बोल्ट घ्या. स्टीलच्या स्टँडला साधे लोखंडी बोल्ट लावून जाणारे बसवणारे भरपूर आहेत.

गॅस कमी झाला की 'भरून देतो' म्हणतात. आधी गळती शोधायला लावा: नळीत नायट्रोजनचा दाब भरायचा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. बहुतेक वेळा आऊटडोअरजवळचा फ्लेअर नट (नळी जोडणारा नट) गळताना सापडतो. आणि पाली. ऊब शोधत त्या आऊटडोअरच्या बोर्डापर्यंत पोचतात आणि दोन टर्मिनलांमध्ये चिकटून स्वतः जातात, बोर्डही नेतात. वायर आत शिरते ते भोक पुट्टीने बुजवा. हवेच्या जाळ्या मात्र मोकळ्या ठेवा, इन्व्हर्टर बोर्डाला थंड व्हायला हवा लागते. इन्व्हर्टर एसी घेताना कॉम्प्रेसरच्या दहा वर्षांच्या वॉरंटीपेक्षा बोर्डाची वॉरंटी किती वर्षांची हे बघा. इथे आधी बोर्डच जातो.

गिझर १५ लिटरचा, २ किलोवॅटचा पुरतो. २७ अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण १७ मिनिटं लागतात, म्हणजे एकामागून एक आंघोळी निभतात. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवाच, कारण तो पावणेनऊ अँपिअर ओढतो. काचेचा लेप असलेल्या टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो. पाण्यातला गंज टाकीऐवजी तो आपल्यावर घेतो. तो संपला की टाकीची पाळी. नळाच्या पाण्यावर दोन वर्षांनी, टँकर किंवा बोअरवेलच्या पाण्यावर वर्षाने तो उघडून बघावा. मूळच्या जाडीच्या निम्म्याखाली गेला असेल तर बदला. रॉडची किंमत नव्या गिझरपुढे काहीच नाही, आणि तरी सर्व्हिसवाले आपणहून कधी सुचवत नाहीत. घर बंद राहिल्यावर गरम पाण्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर घाबरायचं कारण नाही. साचलेल्या पाण्यातले जीवाणू आणि हा रॉड मिळून तो वास करतात. टाकी दोनदा पूर्ण रिकामी करून भरली की सहसा जातो. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून भाडेकरू प्लंबरला बोलावून तो बुजवायला सांगतात. पाणी तापताना फुगतं, त्याला बाहेर पडायची तेवढीच वाट असते. तिला एक छोटी नळी लावून मोरीत सोडा आणि भाडेकराराच्या यादीतच 'बंद करू नये' असं लिहून टाका. गॅस गिझर भाड्याच्या घरात नकोच. खिडकी बंद करून आंघोळ करणारा माणूस आपण ओळखत नसतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वॉशिंग मशीन निवडताना आधी मजला बघा. माहितीपुस्तिकेत पाण्याचा किमान दाब छापलेला असतो, अनेक मॉडेलांना ०.०३ मेगापास्कल. म्हणजे नळाच्या वर तीन मीटर उंचीचं पाणी. सगळ्यात वरच्या मजल्यावर गच्चीवरची टाकी नळापासून जेमतेम दोन मीटर वर असते. मग मशीन पाणी घेत बसतं, एरर दाखवतं, आणि भाडेकरू मशीन बिघडलं म्हणून फोन करतो. नळ पूर्ण उघडून मिनिटाला दहा लिटर येतात का, हे बादली लावून मोजा. येत नसतील तर बूस्टर पंप लावा किंवा सरळ सेमी-ऑटोमॅटिक घ्या. प्लॅस्टिक बॉडीचं सेमी-ऑटोमॅटिक गंजत नाही, आणि त्याचा टायमर, बेल्ट, ड्रेनचा पाइप कुठलाही मेकॅनिक बदलतो. दिसायला गरीब असतं, एवढंच. फ्रंट लोड कांदोळीला घेऊन पस्तावायची वेळ आली: दाराच्या रबरात काळी बुरशी बसली आणि ती कशानेही जात नाही. शिवाय नळाला येणारं नदीचं पाणी मऊ असल्यामुळे फेस जास्त होतो. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या निम्मी पावडर पुरे, हे दारावरच चिकटवून ठेवा. पावसाळ्यात लाल गाळ येतो, तो इनलेटच्या जाळीत अडकतो. नळ बंद करून, पाइप सोडवून, पकडीने जाळी ओढून ब्रशने धुवायची, दोन मिनिटांचं काम.

फ्रिजबाबत मत बदलायला लागलं. सिंगल डोअर डायरेक्ट कूल (ज्यातला बर्फ आपल्यालाच वितळवावा लागतो) स्वस्त आणि साधा, म्हणून भाड्याला तोच बरा असं सगळे म्हणतात. पण त्यात बर्फ साचतो आणि भाडेकरू तो सुरीने खरवडतात. फ्रीझरच्या आतल्या पातळ अ‍ॅल्युमिनियमला भोक पडलं की गॅस गेला, आणि ती दुरुस्ती सहसा टिकत नाही. मुलं-मुलं मिळून राहणार असतील तर २४० लिटरच्या आसपासचा फ्रॉस्ट-फ्री (बर्फ न साचणारा) घ्या. कुटुंब असेल तर डायरेक्ट कूल चालतो. शेल्फ काचेचे हवेत, तारेच्या जाळीचा लेप उडून गंज लागतो. खाली प्लॅस्टिकचा स्टँड, कारण फरशी पुसताना पहिला ओला होतो तो तळाचा पत्रा. घर बंद करताना फ्रिज रिकामा करून, पुसून, दारात कापडाची घडी अडकवून उघडा ठेवायचा.

पंखे भाड्याला साधे घेतले तरी चालतात: अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलला की पुन्हा पळतात. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ७५ वॉटच्या जागी ३० वॉटच्या आसपास घेतो, पण रिमोट हरवतो. भिंतीवरच्या बटणानेही वेग बदलेल असाच घ्या. मिक्सर ७५० वॉटचा. नारळाचं वाटण रोज होतं, कपलर (भांडं आणि मोटर जोडणारा रबरी तुकडा) झिजणारच, दोन जादा आणून ड्रॉवरमध्ये टाका. नळाच्या पाण्यावर असलेल्या घराला आरओची गरज नाही. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मुळात कमी असतो, गाळाचा फिल्टर आणि यूव्ही (जंतू मारणारा दिवा) पुरतो.

या सगळ्याच्या आधी मीटरजवळच्या डीबीमध्ये (स्विचांच्या पेटीत) अंडर-ओव्हर व्होल्टेज प्रोटेक्टर (व्होल्टेज फार कमी-जास्त झालं की वीज तोडणारा) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (शॉक लागण्याआधी वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. पावसाळ्यात झाड पडून विजेच्या तारांपैकी न्यूट्रल तुटला की घरात २३० ऐवजी तीनशेच्या वर व्होल्ट येऊ शकतात, आणि मग स्टॅबिलायझर-फ्री लिहिलेला फ्रिजसुद्धा वाचेलच असं नाही. प्रोटेक्टरला परत चालू व्हायला तीन मिनिटांचा विलंब लावा, कॉम्प्रेसरला तेवढी उसंत हवी.

घर पर्यटकांना देणार असाल तर वॉरंटी कार्डाची मागची बाजू वाचा. अनेक कंपन्यांची वॉरंटी फक्त घरगुती वापराला असते, गेस्ट हाऊस म्हटलं की ती कमी होते किंवा लागूच होत नाही. घेतानाच लेखी विचारा. बिल आणि सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा, कारण किनाऱ्यालगत मशीनच्या मागचं स्टिकर वर्षभरात वाचता येत नाही.