प्रतिजैविक की फेज? हट्टी संसर्गापुढे निर्णय घेताना

मधुमेहातून चिघळलेली पायाची जखम, गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यात शिरलेला संसर्ग आणि पुन्हा पुन्हा उलटणारा मूत्रमार्गाचा संसर्ग, या तीन तक्रारींपायी महिनोन्महिने दवाखान्याच्या पायऱ्या झिजवणारी कुटुंबे ठाणे आणि नवी मुंबईत थोडी नाहीत. प्रतिजैविकांचे एकामागून एक कोर्स संपतात, फाईल जाड होत जाते, आणि मग कोणीतरी जॉर्जिया देशातल्या फेज उपचारांची बातमी दाखवतो. जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजेच बॅक्टेरिओफेज, वापरून बरे झालेल्या रुग्णांच्या कहाण्या खऱ्या आहेत. मात्र त्या वाचून तिबिलिसीचे तिकीट काढण्याआधी दोन्ही मार्ग शेजारीशेजारी ठेवून पाहणे आवश्यक आहे. या तुलनेत माझा कल कुठे आहे, हे आधीच सांगतो. फेज हे प्रतिजैविकांच्या जोडीने वापरण्याचे हत्यार आहे, त्याची जागा अरुंद आहे, आणि त्या जागेत आपला रुग्ण बसतो की नाही हे कल्चर रिपोर्ट (नमुन्यातले जिवाणू वाढवून केलेली तपासणी) व शल्यचिकित्सकाचे मत यांवरून ठरते, बातमीवरून नव्हे.

दोहोंमधला मूळ फरक निवडकपणाचा आहे. रात्री दोन वाजता तापाने फणफणलेला, रक्तदाब घसरलेला रुग्ण वाशीच्या किंवा कळव्याच्या आपत्कालीन कक्षात येतो तेव्हा जिवाणूचे नाव कोणालाच ठाऊक नसते, तरीही डॉक्टर व्यापक परिणामाचे प्रतिजैविक तासाभरात सुरू करू शकतात आणि त्या तासाभराच्या घाईने जीव वाचतात. फेजला ही मुभा नाही. एक फेज बहुधा एकाच प्रजातीच्या आणि त्यातही काही ठरावीक उपप्रकारांच्या जिवाणूंवर चालतो, त्यामुळे आधी जिवाणू वाढवावा लागतो, मग त्याच्यावर कोणता फेज लागू पडतो ते तपासावे लागते, आणि योग्य फेज साठ्यात नसेल तर शोधावा लागतो. रक्तात पसरलेल्या तीव्र संसर्गात सुरुवातीलाच फेजचा विचार करणाऱ्या नातेवाइकांना माझे उत्तर स्पष्ट नकाराचे असेल. याच निवडकपणाचा फायदाही आहे, तो असा की आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंना फेज हात लावत नाही, तर व्यापक प्रतिजैविके त्यांचाही फडशा पाडतात आणि त्यातून कधीकधी क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलसारख्या जिवाणूमुळे होणारे गंभीर जुलाब मागे लागतात.

मारण्याची पद्धतही वेगळी आहे. प्रतिजैविक जिवाणूची भिंत, प्रथिनांची घडण किंवा जनुकांची नक्कल रोखते आणि शरीरातून हळूहळू बाहेर पडते. फेज जिवाणूच्या पृष्ठभागावरील एखाद्या ठरावीक रेणूला चिकटतो, आपला जनुकीय मजकूर आत सोडतो आणि त्या पेशीकडूनच स्वतःच्या प्रती बनवून घेतो. एश्चेरिशिया कोलाय (ई. कोलाय) या आतड्यातल्या जिवाणूवर वाढणारा टी-४ हा फेज ३७ अंश सेल्सिअसला साधारण अर्ध्या तासात पेशी फोडून शंभरच्या आसपास किंवा त्याहून अधिक नवे फेज बाहेर सोडतो. म्हणजे शिकार शिल्लक असेपर्यंत औषधाचे प्रमाण जागेवरच वाढत राहते. मात्र सगळे फेज असे वागत नाहीत. काही फेज पेशी न फोडता जिवाणूच्या जनुकसंचात मुक्काम ठोकतात आणि विषद्रव्यांची किंवा प्रतिरोधाची जनुके इकडून तिकडे नेऊ शकतात. उपचारासाठी असे फेज चालत नाहीत, आणि म्हणूनच वापरण्यापूर्वी प्रत्येक फेजची जनुकीय तपासणी झाली आहे का, हा प्रश्न उपचार देणाऱ्या कोणत्याही केंद्राला विचारला पाहिजे.

आता पुराव्याकडे वळू, कारण दोन्ही पारड्यांत सर्वाधिक तफावत येथेच आहे. प्रतिजैविकांमागे अनेक दशकांच्या नियंत्रित चाचण्या आहेत. फेजचा इतिहास तसा जुना आहे, आणि त्यातला एक धागा भारतातून जातो: अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू मरतात असे नोंदवले, फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये आणि फेलिक्स द'एरेल यांनी १९१७ मध्ये या विषाणूंचा शोध मांडला, आणि द'एरेल यांनी १९२७ मध्ये पंजाबात कॉलऱ्याच्या रुग्णांवर फेजचे प्रयोग केले. त्या काळातील बहुतेक प्रयोगांत तुलनेसाठी योग्य गटच नसत, त्यामुळे पाश्चात्त्य देशांत शंका वाढत गेल्या आणि पेनिसिलीन आल्यावर हा विषय तेथे मागे पडला. तिबिलिसीत १९२३ मध्ये स्थापन झालेल्या एलियावा संस्थेत आणि पोलंडमधील व्रोत्स्वाफ येथे मात्र काम चालूच राहिले.

अलीकडच्या अभ्यासांपैकी तीन निर्णय घेणाऱ्याने समजून घ्यावेत. पहिली, भाजलेल्या जखमांतील स्यूडोमोनास या जिवाणूवर युरोपात झालेली फागोबर्न चाचणी. त्यात बारा फेजचे मिश्रण आणि नेहमीचे सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम यांची तुलना झाली, आणि मलमच वेगाने काम करताना दिसले. कारण तपासले तेव्हा आढळले की प्रति मिलिलिटर दहा लाख फेज असावेत अशी योजना असताना साठवणुकीत ताकद घसरून रुग्णाला प्रत्यक्षात दहा ते शंभर इतकेच फेज मिळत होते. दुसरी, प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेआधी मूत्राशयात जॉर्जियातील तयार फेज सोडून केलेली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी. तिच्यात फेज प्रतिजैविकापेक्षा कमी ठरले नाही, पण मूत्राशयात नुसते निष्क्रिय द्रावण सोडलेल्या गटापेक्षा सरसही ठरले नाही, आणि जाहिरातीत पहिले अर्धे वाक्य हमखास सांगितले जाते व दुसरे गाळले जाते. तिसरा अभ्यास ही चाचणी नव्हे, तर बेल्जियममधील पथकाने समन्वय केलेल्या सलग शंभर रुग्णांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा आहे. त्यात ७७ टक्क्यांहून अधिक रुग्णांत सुधारणा आणि ६१ टक्क्यांहून अधिक रुग्णांत मूळ जिवाणूचा नायनाट नोंदवला गेला, आणि जोडीला प्रतिजैविक नसेल तर नायनाट होण्याची शक्यता तब्बल ७० टक्क्यांनी घटते असे दिसले. या आढाव्यात तुलनेचा गट नव्हता, म्हणून ७७ हा आकडा यशाची हमी मानता येत नाही. पण जोडीच्या उपचाराबद्दलचा निष्कर्ष इतका ठळक आहे की 'प्रतिजैविके बंद करा, आता फक्त फेज' असे सांगणाऱ्या कोणाहीपासून चार हात लांब राहावे.

जोडी का चालते याचे एक देखणे उदाहरण अमेरिकेतील येल विद्यापीठातून आले. तेथील संशोधकांनी कनेटिकटमधील एका तळ्याच्या पाण्यातून वेगळा केलेला ओएमकेओ-१ हा फेज स्यूडोमोनासच्या त्याच पंपाला चिकटतो, ज्या पंपाने हा जिवाणू प्रतिजैविक बाहेर फेकतो. फेजपासून वाचायचे तर जिवाणूला पंप बदलावा लागतो, आणि पंप बदलला की जुनी औषधे पुन्हा लागू पडू लागतात. प्रत्येक फेजच्या बाबतीत असे जुळून येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

ज्यांनी फेजचा मार्ग गांभीर्याने घ्यायचा ठरवला आहे, त्यांच्यापुढे पुढची निवड तयार मिश्रण की खास बनवलेला फेज ही असते. जॉर्जियात पायो आणि इंटेस्टी अशी मिश्रणे औषधांच्या दुकानात मिळतात. पायो मुख्यतः जखमांत पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, स्यूडोमोनास, प्रोटियस व ई. कोलाय यांसाठी, आणि इंटेस्टी आतड्यांच्या संसर्गांसाठी. ती लगेच हाती येतात. अडचण अशी की आपल्याकडच्या रुग्णालयांत फार छळणारा क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जाड आवरणाचा जिवाणू आहे, त्या आवरणाचे प्रकार शेकड्याच्या घरात आहेत, आणि त्याच्यावरचे बहुतेक फेज एका-दोन प्रकारांनाच ओळखतात. जॉर्जियात जमवलेले मिश्रण ऐरोलीतल्या रुग्णाच्या क्लेब्सिएलावर चालेलच, असे गृहीत धरणे म्हणजे जुगार आहे. खास फेजसाठी सांडपाणी हा सर्वांत समृद्ध स्रोत मानला जातो, आणि या दृष्टीने नवी मुंबईतील मलनिस्सारण केंद्रे संशोधकाला खजिन्यासारखी वाटावीत.

फेज लागू पडतो की नाही हे पाहण्याची चाचणी दिसायला अगदी साधी आहे. अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमाच्या, बशीवर रुग्णाच्या जिवाणूंचा पातळ थर पसरतात, त्यावर वेगवेगळ्या फेजचे थेंब सोडतात आणि रात्रभर उबवतात. सकाळी धुरकट थरात जेथे काचेसारखा स्वच्छ गोल दिसतो तेथे फेजने काम केलेले असते. गोल अर्धवट धूसर असेल तर मी त्याला होकार मानणार नाही, कारण त्यातून तग धरलेल्या जिवाणूंची वाढ सूचित होते. उपचार केंद्राकडून 'चाचणी सकारात्मक' एवढाच शेरा न घेता या बशीचे छायाचित्र आणि पातळ केलेल्या फेजनेही तसेच गोल उमटले का, याची नोंद मागून घ्यावी.

दुष्परिणाम कमी असण्याच्या बाबतीत फेजचे पारडे आजवर जड राहिले आहे. नीट शुद्ध केलेले फेज रुग्णांना बहुतांशी सहन होतात, तर प्रतिजैविकांपैकी कॉलिस्टिन मूत्रपिंडांना आणि लिनेझोलिड दोन आठवड्यांहून अधिक काळ दिल्यास अस्थिमज्जेला त्रास देऊ शकते. शुद्धीकरण ढिले असेल तर मात्र फुटलेल्या जिवाणूंचे एन्डोटॉक्सिन, म्हणजे त्यांच्या आवरणातले विषद्रव्य, फेजसोबत शरीरात जाते, शिरेतून दिलेल्या फेजविरुद्ध काही आठवड्यांत प्रतिपिंडे तयार होऊ शकतात, आणि तोंडावाटे घेतलेला फेज जठरातील आम्लात बराचसा नष्ट होतो.

आता सुरुवातीच्या तीन तक्रारी. मूत्रमार्गाच्या वारंवार संसर्गात फेजचा विचार मी सर्वांत शेवटी करेन. मुतखडा, वाढलेली प्रोस्टेट, लघवी पूर्ण न होणे, कायम ठेवलेली नळी किंवा रजोनिवृत्तीनंतरचे कोरडेपण यांपैकी एखादे कारण अनेकदा सापडते, आणि ते दूर केल्याशिवाय कोणतेही औषध टिकत नाही. शिवाय त्रास काहीच नसताना केवळ रिपोर्टमध्ये जिवाणू दिसले म्हणून, गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया होणारे रुग्ण वगळता, बहुतेकांना उपचाराचीच गरज नसते.

पायाच्या जखमेत चित्र थोडे आशादायक आहे, कारण जखम उघडी असते आणि फेज थेट तिच्यावर ठेवता येतो. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. गोपाल नाथ यांच्या गटाने दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमांवर असे काम प्रसिद्ध केले आहे. तरीही पायाच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर (रक्तप्रवाहाची तपासणी), हाडापर्यंत संसर्ग गेला का याची तपासणी, मृत ऊती काढणे आणि साखरेवर नियंत्रण यांआधी फेजवर पैसा घालणे मला पटत नाही. रक्तपुरवठाच नसलेल्या बोटात ना प्रतिजैविक काम करते, ना फेजने ते बोट वाचते.

कृत्रिम सांध्याचा संसर्ग हा मात्र असा प्रसंग आहे जेथे फेजचा विचार मी स्वतः डॉक्टरांपुढे काढेन. धातूवर जिवाणू चिकट थर बनवून बसतात, त्या थरात प्रतिजैविक पुरेसे पोहोचत नाही, आणि काही फेजपाशी तो थर विरघळवणारी विकरे असतात. संसर्ग नुकताच झालेला असेल आणि सांधा घट्ट बसलेला असेल, तर सांधा न काढता स्वच्छता आणि दीर्घ प्रतिजैविके हा मान्य उपाय आहे; जुना संसर्ग असेल तर बहुधा सांधा काढून पुन्हा बसवावा लागतो. शस्त्रक्रिया वारंवार फसलेली असेल, किंवा वय व हृदयाच्या आजारामुळे मोठी शस्त्रक्रिया परवडणारी नसेल, तर शस्त्रक्रियेच्या वेळीच सांध्यात फेज सोडणे आणि सोबत प्रतिजैविक देणे याला वैद्यकीय आधार आहे. सांध्याला हात न लावता नुसत्या गोळ्या किंवा पिण्याचे द्रावण देऊ करणारे केंद्र मात्र मी टाळेन.

भारतात माणसांवरील उपचारासाठी मान्यता मिळालेले फेज औषध नाही. मान्यता नसलेले औषध एखाद्या रुग्णाच्या वैयक्तिक वापरासाठी आणायचे असेल तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह '१२-ए' नमुन्यात अर्ज करून '१२-बी' परवाना घेण्याची तरतूद आहे. परवान्याशिवाय सामानात बाटल्या घालून आणू नयेत; कस्टममध्ये अडकण्याचा धोका आहेच, शिवाय शीतसाखळी तुटलेल्या बाटलीत किती फेज जिवंत उरले हे कोणालाच सांगता येत नाही, आणि फागोबर्नमध्ये नेमके काय घडले ते वर आलेच आहे.

दुसऱ्या बाजूला, ठाणे-मुंबईतच करता येणारे काम अनेकदा अर्धवट राहिलेले असते. एनडीएम या, अनेक प्रतिजैविके निकामी करणाऱ्या, विकराचा क्लेब्सिएला असेल तर सेफ्टाझिडाइम-अविबॅक्टम आणि अ‍ॅझट्रिओनाम ही जोडी वापरून पाहिली का, रिपोर्टमधील कॉलिस्टिनची संवेदनशीलता चकतीच्या चाचणीने काढली आहे की ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने, म्हणजे औषधाच्या वेगवेगळ्या प्रमाणांच्या द्रवात जिवाणू वाढवून (चकतीचा निकाल या औषधासाठी भरवशाचा नसतो), नमुना वरवरच्या पुवाचा आहे की शस्त्रक्रियेत घेतलेल्या खोल ऊतीचा, आणि तो घेण्याआधी प्रतिजैविके शक्य तेव्हा काही दिवस थांबवली होती का, हे प्रश्न संसर्गजन्य आजारांच्या तज्ज्ञांपुढे ठेवावेत. त्यांची उत्तरे समाधानकारक असूनही संसर्ग हटत नसेल, तर प्रयोगशाळेला लेखी विनंती करून रुग्णाचा जिवाणू ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर जपून ठेवायला सांगावे. एरवी रिपोर्ट गेल्यावर काही दिवसांत बशा टाकून दिल्या जातात, आणि जिवाणूच हाती नसेल तर फेज वाराणसीत शोधायचा की तिबिलिसीत, हा प्रश्नच उरत नाही.