नऊ महिने एकच रिग्रेशन दोन सॉफ्टवेअरमध्ये चालवल्यावर

नऊ महिन्यांपूर्वी आम्ही एक नियम केला. अहवालात जाणारं प्रत्येक रिग्रेशन (एक गोष्ट इतर गोष्टींबरोबर किती बदलते हे सांगणारं समीकरण) दोनदा चालवायचं, मी आर या सांख्यिकी भाषेत आणि माझा सहकारी पायथॉनमध्ये, आणि आकडे जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही. काम दुप्पट होईल एवढीच भीती होती. आकडे जुळणारच नाहीत असं वाटलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात एका लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये (उत्तर हो किंवा नाही असतं तेव्हाचं रिग्रेशन) माझा कोइफिशियंट, म्हणजे समीकरणातला गुणक, 0.9 च्या आसपास आला आणि त्याचा 0.6 च्या. “मॅडम, फाइल तीच पाठवलीत ना?” त्याने विचारलं. फाइल तीच होती, मॉडेल वेगळं होतं. सायकिट-लर्न या पायथॉनच्या लायब्ररीतलं लॉजिस्टिक रिग्रेशन काही न सांगता चालवलं तर ते कोइफिशियंटवर एल-टू प्रकारचा दंड (कोइफिशियंट मोठे होऊ न देणारी अट) लावतं. दंडाची तीव्रता ठरवणारी ‘सी’ ही किंमत मुळातच 1 धरलेली असते, त्यामुळे सगळे कोइफिशियंट शून्याकडे ओढले जातात. आरचं जीएलएम हे फंक्शन असं काही करत नाही, सरळ मॅक्सिमम लाइकलिहुड काढतं, म्हणजे हातातला डेटा सर्वात संभवनीय ठरवणारे कोइफिशियंट निवडतं. याला मी दोष म्हणणार नाही. सायकिट-लर्न भाकितासाठी घडवलेलं आहे आणि भाकितासाठी हा दंड बहुधा उपयोगीच पडतो. पण ऑड्स रेशो (घडण्या-न घडण्याचं प्रमाण किती पटीने बदलतं तो आकडा) काढून त्याचा अर्थ लावायचा असेल तर दंड बंद करायलाच हवा, किंवा पायथॉनच्याच स्टॅट्समॉडेल्स या दुसऱ्या लायब्ररीकडे जायला हवं.

यातली धोक्याची गोष्ट अशी की लाखभर ओळींच्या फाइलवर हा फरक जवळजवळ दिसत नाही. ओळी वाढल्या की लाइकलिहुडचं वजन वाढतं, दंड मात्र तेवढाच राहतो. म्हणजे मोठ्या फाइलवर तपासून ‘जुळतंय’ म्हणायचं आणि मग दोनशे ओळींच्या उपगटावर तोच कोड चालवायचा, असं सहज घडतं. दंड लागलाय का हे ओळखायला मी आता वय वर्षांऐवजी महिन्यांत टाकून बघते. साध्या रिग्रेशनमध्ये कोइफिशियंट बरोबर बारावा हिस्सा होतो आणि भाकितं जागची हलत नाहीत. भाकितं हलली तर कुठेतरी दंड आहे.

स्टॅट्समॉडेल्सची सवय व्हायला मला महिना लागला. फॉर्म्युला लिहून मॉडेल दिलं तर इंटरसेप्ट (समीकरणातला स्थिरांक) आपोआप येतो. मॅट्रिक्स देऊन ओएलएस (साधं लघुत्तम वर्ग रिग्रेशन) चालवलं तर येत नाही, एकचा कॉलम आपणच जोडावा लागतो. तो राहिला की रेषा शून्यातून ओढली जाते आणि सगळे उतार बिघडतात. वर आर-स्क्वेअरही (मॉडेल डेटाला किती बसतं याचं माप) सरासरीऐवजी शून्यापासून मोजला जातो, म्हणून तो फार छान दिसतो. छान आर-स्क्वेअर बघून कुणी चूक शोधायला बसत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

पण आमचा सर्वात जास्त वेळ खाल्ला तो गटवाचक चलांनी, म्हणजे संख्येऐवजी गट सांगणाऱ्या कॉलमांनी. समजा तीन गटांच्या सरासऱ्या 10, 12 आणि 17 आहेत. पहिला गट संदर्भ, म्हणजे तुलनेचा पाया, धरला तर तक्त्यात 10, +2, +7 येतात. शेवटचा धरला तर 17, −7, −5. इफेक्ट कोडिंग असेल, म्हणजे तुलना एका गटाशी न करता सगळ्यांच्या सरासरीशी केली, तर सरासऱ्यांची सरासरी 13, आणि मग −3, −1 (तिसऱ्याचा +4 छापत नाहीत, कारण बेरीज शून्य असते). तिन्ही तक्ते बरोबर आहेत आणि तिन्हींतून त्याच तीन सरासऱ्या परत मिळतात. आर आणि स्टाटा (आणखी एक सांख्यिकी सॉफ्टवेअर) मुळात पहिला गट संदर्भ धरतात. सॅस या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचं प्रॉक जीएलएम शेवटचा धरतं, तर प्रॉक लॉजिस्टिक न सांगता इफेक्ट कोडिंग करतं. आरमध्ये चल क्रमवार फॅक्टर (क्रम असलेले गट) म्हणून घोषित केलं असेल तर गटांची नावंच गायब होतात आणि एल, क्यू, सी अशी अक्षरं दिसतात. ते बहुपदी कॉन्ट्रास्ट आहेत, म्हणजे गटांच्या क्रमातला सरळ किंवा वक्र कल मोजणारे आकडे, गटांमधले फरक नाहीत.

‘पहिला’ म्हणजे तरी कोणता? पायथॉनच्या क्रमात इंग्रजी कॅपिटल अक्षराने सुरू होणारी नावं सगळ्या लहान अक्षरांच्या आधी येतात. आरमध्ये फॅक्टरचा क्रम संगणकाच्या भाषेच्या सेटिंगवर ठरतो. त्यामुळे एकच आर कोड दोन संगणकांवर वेगळा संदर्भ गट निवडू शकतो. आम्ही आता संदर्भ गट हाताने लिहितो, नशिबावर सोडत नाही.

यात इंटरॅक्शन (एका चलाचा उतार दुसऱ्या चलानुसार बदलणं) आलं की गोष्ट गंभीर होते. पुरुषांमध्ये वयाचा उतार 2 आहे आणि स्त्रियांमध्ये 5. तक्त्यात ‘वय’ या ओळीसमोर काय येईल? संदर्भ पुरुष असेल तर 2, स्त्रिया असतील तर 5, इफेक्ट कोडिंगमध्ये 3.5. पी-व्हॅल्यूही (परिणाम शून्य असताना इतका मोठा आकडा येण्याची शक्यता) त्याप्रमाणे बदलते. त्या ओळीकडे बघून ‘वयाचा परिणाम’ असं लिहिणं हे माझ्या मते आमच्या क्षेत्रातलं सर्वात दुर्लक्षित दुखणं आहे. मीही वर्षानुवर्षं तसं लिहिलं आहे, आणि जुने अहवाल आठवले की अजून अस्वस्थ व्हायला होतं.

म्हणून आता जुळवणीची सुरुवात कोइफिशियंटपासून करत नाही. आधी किती ओळी वापरल्या गेल्या ते बघायचं, मग लॉग-लाइकलिहुड (मॉडेल डेटाशी किती जुळतं याचा आकडा), मग पहिल्या दहा ओळींची भाकितं. साध्या मॉडेलमध्ये हे तिन्ही जुळले तर मॉडेल एकच आहे, फक्त मांडणी वेगळी. ओळींची संख्या इथेच उघडी पडते. उत्तर न मिळालेल्या जागी 99 लिहिलेलं असेल आणि एका बाजूने ते रिकामं धरलं, दुसऱ्या बाजूने संख्या धरली, तर कोइफिशियंट जुळण्याचा प्रश्नच नाही. स्टाटात रिकामी किंमत कोणत्याही संख्येपेक्षा मोठी मानली जाते, म्हणून ‘वय 50 पेक्षा जास्त’ या अटीत वय न नोंदवलेले लोकही येऊन बसतात.

चिन्ह उलटं आलं तर मी घाबरत नाही. सॅसचं प्रॉक लॉजिस्टिक 0 आणि 1 मध्ये मुळात 0 ची संभाव्यता मांडतं. क्रमवार लॉजिटमध्ये (क्रम असलेल्या उत्तरांचं लॉजिस्टिक रिग्रेशन) आरचं पीओएलआर हे फंक्शन इटा, म्हणजे चलं आणि कोइफिशियंट यांच्या गुणाकारांची बेरीज, वजा करतं, सॅस अधिक करतं. कॉक्स रिग्रेशनमध्ये (घटना घडेपर्यंतच्या काळाचं रिग्रेशन) एकाच दिवशी अनेक घटना असतील तर आर एफ्रनची पद्धत वापरतं, स्टाटा आणि सॅस ब्रेस्लोची, आणि तिथे दशांशांत खरा फरक पडतो. दोन कॉलम एकच माहिती देत असतील तर आर नंतरच्या कॉलमसमोर एनए (किंमत उपलब्ध नाही) लिहून मोकळं होतं. स्टॅट्समॉडेल्सचं ओएलएस मात्र दोघांनाही आकडे वाटून देतं, इशारा तक्त्याखाली बारीक अक्षरांत असतो. मला एनए जास्त प्रामाणिक वाटतं.

आणि खरोखरची गणिती चूक? ती आम्हाला नऊ महिन्यांत एकदाही सापडली नाही. जेम्स लाँगली यांनी 1967 मध्ये तेव्हाचे प्रोग्रॅम हाताने केलेल्या हिशेबाशी ताडून पाहिले, तेव्हा उत्तरं भयंकर वेगळी निघाली होती. त्यांचा डेटा अमेरिकेच्या 1947 ते 1962 या 16 वर्षांचा, सहा चलं एकमेकांत गुंतलेली. आज तो आर आणि स्टॅट्समॉडेल्स दोन्हींत तयार मिळतो, म्हणून नवी आवृत्ती बसवली की मी तो चालवते. पहिल्यांदा चालवला तेव्हा आरमध्ये इंटरसेप्ट −3482.26 आला आणि स्टॅट्समॉडेल्समध्ये −3482258.63. किंमत निर्देशांकाचा कोइफिशियंट इकडे 0.01506, तिकडे 15.06. बेरोजगारांचा −0.0202 आणि −2.02. राष्ट्रीय उत्पादनाचा मात्र दोन्हीकडे −0.0358. अर्धा तास मी दोन्ही तक्ते समोर ठेवून बसले होते. मग फाइल उघडली. एकीकडे रोजगार 60.323, दुसरीकडे 60323. रोजगार आणि उत्पादन दोन्ही हजारपट, म्हणून तिथला उतार तसाच राहिला. बेरोजगार फक्त दहापट, म्हणून शंभराचा फरक. निर्देशांक तेवढाच, म्हणून पूर्ण हजारपट. एकके सारखी केली आणि छापलेला शेवटचा अंकसुद्धा जुळला.