जेलीतील पेशी आणि बाजारपेठेतील एक दुकान

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला, जांभळी नाक्याच्या बाजूला, केकचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानात गेल्या महिन्यात आठवडाभरात मला दोनदा जावे लागले. पहिल्या खेपेस तेथून आणलेली वस्तू फसली आणि दुसऱ्या खेपेस त्याच गल्ल्यावर मिळालेल्या सल्ल्याने काम झाले. त्यामुळे या दुकानाविषयी सरसकट बरे किंवा सरसकट वाईट लिहिणे मला जमणार नाही. आणि पुढे तक्रारही यायची असल्याने नाव देत नाही.

निमित्त नातीचे होते. ती सातवीत आहे. वनस्पतिपेशीची प्रतिकृती खाद्यपदार्थांतून करून आणावी, ती दुपारपर्यंत वर्गात मांडून ठेवावी, मुलांनी एकेक अंगक, म्हणजे पेशीतला भाग, ओळखावे आणि मग सर्वांनी मिळून ती खावी, अशी शाळेची योजना होती. थर्माकोलला रंग फासून आणण्यापेक्षा ही कल्पना मला आवडली, आणि उमेदीची तीस वर्षे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काढलेली असल्याने हे काम मी आपणहून अंगावर घेतले.

दुकानात चौकशी करताच विक्रेत्या मुलाने एक तयार ‘प्रोजेक्ट किट’ पुढे केले. साडेतीनशे रुपयांच्या या पुड्यात जेलीच्या पावडरची दोन पाकिटे, पारदर्शक प्लॅस्टिकचा अर्धगोल साचा, पाच रंगांचे फॉन्डंट (केक सजवण्यासाठीचे साखरेचे गोळे), नावे चिकटवलेल्या टूथपिक आणि रंगीत तक्ता असा ऐवज होता. दिसायला सगळे नेटके. मात्र विज्ञानाच्या बाजूने पाहिले तर त्यात पहिल्यापासूनच गफलत होती. वनस्पतिपेशीला भोवताली ताठ पेशीभित्तिका असते, म्हणून पुस्तकातील आकृतीत ती चौकटीसारखी दाखवतात. तिला अर्धगोल साच्यात कोंबण्याचे कारण मला कळले नाही. तक्त्यावर तीन चिमुकल्या रिक्तिका (पेशीतील द्रवाच्या पिशव्या) होत्या, जेव्हा पूर्ण वाढलेल्या वनस्पतिपेशीत बहुतेक जागा एकच मोठी रिक्तिका व्यापते आणि केंद्रक कडेला सरकते. त्यावर कडी म्हणजे टूथपिकांत ‘तारककेंद्र’ अशी, पेशीविभाजनात भाग घेणाऱ्या अंगकाची, एक पताका होती. उच्च वनस्पतींच्या पेशींत ते नसतेच. कोणीतरी प्राणिपेशीचा तक्ता उचलून त्याला हिरवा रंग दिला असावा.

तरीही नातीच्या हौसेखातर आम्ही ते किट वापरले. जेली शीतकपाटात सुरेख बसली आणि प्रदर्शनाच्या काही दिवस आधी बाईंना दाखवण्यासाठी आम्ही ती रिक्षाने वर्तकनगरहून नौपाड्यात नेली. ऑक्टोबरची दुपार होती आणि कॅडबरी नाक्याच्या सिग्नलला दहा मिनिटे गेली. शाळेत पोहोचेपर्यंत पेशीद्रव्याचे सरबत झाले होते आणि केंद्रक तळाशी जाऊन बसले होते. नात रडली नाही, पण परतीच्या वाटेवर बोललीही नाही.

घरी येऊन मी पाकीट उलटून वाचले, तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. पावडर जिलेटिनची होती, आणि कोपऱ्यात बारीकसे तपकिरी चिन्ह होते. जिलेटिन हे जनावरांच्या कातडीतून व हाडांतून काढतात, त्यामुळे शाकाहारी घरांतील मुलेही जो पदार्थ खाणार, त्याविषयी विक्रेत्याने हे आधी सांगायला हवे होते. बाहेरच्या पुड्यावर तर घटकांची यादी, परवान्याचा क्रमांक, तारीख यांपैकी काहीच नव्हते. दुकानातच भरून चिकटपट्टी लावलेला तो माल होता. फॉन्डंटचे गोळेही असेच निनावी. मुलांच्या तोंडी जाणाऱ्या वस्तूंबाबत ही हयगय मला मान्य नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच मी गल्ल्यावर गेलो. उघडलेले किट परत घेणार नाही, असे मुलाने सांगितले. इतक्यात आतून मालकीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी मला एवढेच विचारले, “काका, वर्गात एसी आहे का? आणि किती वेळ बाहेर राहणार?” हा प्रश्न आदल्या खेपेस कोणी विचारला असता, तर माझे साडेतीनशे रुपये वाचले असते. नाही म्हणताच त्यांनी चायना ग्रासचे दहा ग्रॅमचे पाकीट पुढे ठेवले आणि म्हणाल्या, “मग हे घ्या. एका पाकिटाला लिटरभर दूध. वितळायचं नाही.”

पाकिटावर ‘अगर-अगर’ असे वाचले आणि मी मनाशीच ओशाळलो. ज्या अगरच्या हजारो काचबश्या मी नोकरीत ओतल्या, तोच हा पदार्थ. जिवाणू वाढवण्यासाठी आधी जिलेटिनच वापरत असत. पण ते शरीराच्या तापमानाला वितळते आणि काही जिवाणू तर ते पचवूनही टाकतात, ही जर्मन जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या काळातली अडचण होती. वाल्टर हेस्से या त्यांच्या सहकाऱ्याच्या पत्नीने, फॅनी हेस्से यांनी, १८८१ च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरातील अगर सुचवले, आणि कॉख यांनी १८८२ च्या क्षयरोगावरील निबंधात त्याचा उल्लेख केला. जर्मनीतील प्रयोगशाळेची अडचण आमच्या रिक्षात जशीच्या तशी उभी राहिली होती, आणि उपायही स्वयंपाकघराशी सलगी असलेल्या बाईकडूनच आला.

यामागचे कारण सोपे आहे. जिलेटिन हे प्रथिन असून ते साधारण ३० ते ३५ अंश सेल्सिअसला सैल पडते. अगर ही लाल समुद्रशैवालातून मिळणारी कर्बोदके आहेत. ती ४० अंशांच्या खाली घट्ट होतात आणि पुन्हा वितळण्यासाठी सुमारे ८५ अंश लागतात. प्रथिन नसल्यामुळे ताजे अननस किंवा पपई यांतील प्रथिने तोडणारी विकरेही त्याचे काही बिघडवू शकत नाहीत; जिलेटिनच्या जेलीत मात्र ही फळे घातली की ती बसतच नाही.

आता कृतीविषयी. मालकीणबाईंनी लिटरभर सांगितले होते, पण प्रयोगशाळेच्या सवयीने, म्हणजे लिटरला १५ ग्रॅम या हिशोबाने, मी एका पाकिटाला सातशे मिलिलिटर पाणी घेतले. पावडर थंड पाण्यात भिजवून, मग दोन-तीन मिनिटे खळखळून उकळली. नुसती गरम केली तर ती नीट विरघळत नाही. त्याच दुकानातून आणलेल्या आयताकृती केकच्या डब्याच्या कडेने खोबऱ्याच्या वडीची भिंत उभी केली, तिच्या आतून प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीचा पातळ पडदा, म्हणून फणसपोळीची पट्टी लावली, मग अर्धी जेली हाताला सोसवेल इतकी कोमट झाल्यावर ओतली. ती नुकती धरू लागली असतानाच अंगके मांडून वरून उरलेली ओतली, कारण खालचा थर पूर्ण घट्ट झाला, तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत.

केंद्रक म्हणजे पेढा, आणि त्यावर दाबलेली चारोळी ही केंद्रकी. हे नातीला सुचले आणि मला ते पुस्तकातल्या आकृतीपेक्षा बोलके वाटले. हरितलवक पिस्त्यांचे, गॉल्जी पिंड एकावर एक रचलेल्या आंबापोळीच्या पट्ट्यांचा, रायबोसोम खसखशीचे. आंतर्द्रव्यजालिकेसाठी, म्हणजे पेशीतील पडद्यांच्या घड्यांच्या जाळ्यासाठी, चिरोटा घेतला. पदरांचा तो एवढा नेमका नमुना आयता मिळत असताना फॉन्डंट कशाला लाटायचे? मात्र तो जेलीत बुडवला तर मऊ पडतो, म्हणून सकाळी निघताना वर ठेवला. तंतुकणिकांसाठीचे मनुके आम्ही आधी बिनसाखरेच्या जेलीच्या एका वाटीत घालून पाहिले होते. रात्रभरात ते टम्म फुगले आणि भोवती तपकिरी डाग पडला. पाणी पातळ द्रावाकडून दाट द्रावाकडे जाते, या परासरणाचा धडा नातीला न मागता मिळाला. पेशीद्रव्यात मग साखर भरपूर घातली, तेव्हा मनुके बरेचसे शहाण्यासारखे राहिले.

त्याच कॅडबरी नाक्यावरून, तितक्याच उन्हातून, ही पेशी शाळेत गेली आणि दुपारपर्यंत तिची कड मोडली नाही. तळाशी थोडे पाणी सुटले, तेवढेच. दोष माझ्या प्रमाणाचा निघाला. मांडणीला ते उत्तम होते, पण खाताना जेली रबरासारखी लागली. मालकीणबाईंचे लिटरभर ऐकायला हवे होते.

दुकानाबद्दल सांगायचे तर सुटे साहित्य घेण्यासाठी तेथे अवश्य जावे. साचे, डबे आणि मूळ बंद पाकिटांतील रंग यांची निवड मोठी आहे, भाव रास्त आहेत आणि मालकीणबाई गल्ल्यावर असतील, तर सल्ला विनामूल्य मिळतो. त्या नसतील, तर प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचूनच पैसे द्यावेत, आणि शाळेच्या प्रकल्पाचे म्हणून जे तयार पुडे टांगून ठेवले आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नये. दुसऱ्या खेपेचा माझा सारा खर्च, डबा धरूनही, त्या किटपेक्षा कमी आला.

वर्गात सर्वांत आधी आंतर्द्रव्यजालिका संपली, असे नातीने सांगितले. रिक्तिका मात्र डब्यात तशीच परत आली; ती वेगळी बसवताना तिच्यात साखर घालायला मी विसरलो होतो.