‘हाना आरेन्ट’: सोलापुरातील एका खेळाविषयी

शहरातील एका चित्रपट मंडळाने नुकताच मार्गारेटे फॉन त्रोट्टा दिग्दर्शित ‘हाना आरेन्ट’ (२०१२) या चित्रपटाचा खेळ ठेवला होता. आरेन्ट (१९०६–१९७५) ही जर्मनीत जन्मलेली आणि फ्रान्समधील छावणीतून सुटून १९४१ मध्ये अमेरिकेत पोहोचलेली ज्यू राजकीय विचारवंत. चित्रपट तिचे सारे आयुष्य सांगत बसत नाही. जेरुसलेममध्ये १९६१ साली उभा राहिलेला नाझी अधिकारी अडोल्फ आइकमनचा खटला आणि त्यावरील तिच्या लेखांनी उठवलेले वादळ, एवढ्यावरच त्याचा भर आहे.

आइकमनच्या भूमिकेसाठी नट न घेता खटल्याचे मूळ कृष्णधवल चित्रण वापरण्याचा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटला. काचेच्या पिंजऱ्यात बसलेला, समोरचे कागद नीट लावणारा, आपण केवळ हुकूम पाळले असे अदबीने सांगणारा हा कारकुनी वळणाचा माणूस पाहताना, लाखो ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांची व्यवस्था यानेच लावली हे मनाला पुन्हा पुन्हा बजावावे लागते. नटाने तो कितीही हुबेहूब उभा केला असता, तरी आपण अभिनयाला दाद देऊन मोकळे झालो असतो. बार्बरा सुकोवाने तर सिगारेट ओढत विचारात गढलेली आरेन्ट निव्वळ चेहऱ्यावर पेलली आहे.

नाझींनी ज्यू वस्त्यांवर नेमलेल्या ज्यू परिषदांनी नाझींना केलेल्या सहकार्याबद्दल आरेन्टने लिहिले त्याने अनेक ज्यू वाचक दुखावले, त्यांची बाजू मात्र चित्रपटात तोकडी पडते. आरेन्टला आइकमन विचार न करता हुकूम पाळणारा सामान्य माणूस वाटला; पण आर्जेंटिनात लपलेला असताना त्याने दिलेल्या मुलाखतींतून तो कट्टर ज्यूद्वेष्टा असल्याचे पुढे संशोधकांनी दाखवले, त्याचा उल्लेख निदान प्रास्ताविकात तरी व्हायला हवा होता.

नंतरची चर्चा रंगली. मार्शल लॉचा विषय सोलापुरात निघणारच. १९३० मध्ये इथे लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी झाली. तेव्हा हुकूम बजावणाऱ्या साध्या नोकरदारांनी मनाशी काय म्हटले असेल, असे एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारले आणि सभागृहातील ज्येष्ठ मंडळी भरभरून बोलू लागली.

व्यवस्थेत एक त्रुटी होती. खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात पांढरी इंग्रजी सबटायटल्स पुसट होत होती, त्यामुळे मागे बसलेल्यांना जर्मन संवाद अर्धेमुर्धेच कळले. खिडक्यांना जाड पडदे लावून आणि कथानकाची मराठी टिपणे वाटून हाच चित्रपट मंडळाने पुन्हा दाखवावा.