रुगर अमेरिकन: स्वस्त आहे, पण पैसे कुठे वाचवलेत ते बघा

रायफलीचा स्टॉक (खांद्याला टेकवायचा, बाकी सगळं धरून ठेवणारा प्लास्टिकचा भाग) पोकळ आहे, बोटाने टकटक केलं तर रिकाम्या डब्यासारखा वाजतो, हे आधीच मान्य. तरी पण बजेट बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये (प्रत्येक गोळीनंतर बोल्ट म्हणजे मागचा दांडा हाताने मागे-पुढे करायच्या रायफलींमध्ये) मला हीच रायफल आवडते, कारण पैसे वाचवताना डोकं वापरलंय.

बॅरल आणि रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो तो भाग) जोडावर तो मोठा नट दिसतो ना, तो बघून बरेच जण नाक मुरडतात. दिसतो बेढबच. पण जुन्या पद्धतीत बॅरल कसल्यावर चेंबर (काडतूस बसायची जागा) रीमरने हळूहळू खरवडून हेडस्पेस (बोल्टच्या तोंडापासून काडतूस चेंबरमध्ये अडतं तिथपर्यंतचं अंतर) जुळवायचा, म्हणजे कसबी हात आणि वेळ दोन्ही आलं. इथे चेंबर आधीच तयार असतं, ठरावीक मापाचा गेज घालून बोल्ट बंद करायचा, बॅरल गेजला टेकेपर्यंत फिरवायचं आणि नट आवळायचा, झालं काम. सॅव्हेज कंपनीच्या १९५८ च्या ११० मॉडेलमध्ये पण हाच नट होता आणि नेम कसा लागतो याबद्दल त्या रायफलीचं नाव चांगलंच आहे.

दुसरी गोष्ट बेडिंगची, म्हणजे रिसीव्हर स्टॉकमध्ये कसा बसवलाय त्याची. प्लास्टिकमध्ये स्टेनलेस स्टीलचे दोन व्ही आकाराचे ब्लॉक बसवलेत, रिसीव्हरच्या खालच्या खाचा बरोबर त्यांच्यावर बसतात आणि धक्कापण तेच झेलतात, त्यामुळे स्टॉक कितीही हलका असला तरी अ‍ॅक्शन (बोल्ट आणि रिसीव्हर मिळून) जागची हलत नाही. बॅरल स्टॉकला कुठे टेकत नाही, फ्री फ्लोट. फक्त बायपॉड (दोन पायांचा टेकू) लावून त्यावर जोर टाकू नका, पोकळ फोरएंड (स्टॉकचा पुढचा भाग) वाकून बॅरलला टेकला की मग गोळ्या इकडेतिकडे जाणारच, या किमतीतल्या बहुतेक रायफलींचं हेच दुखणं आहे.

बोल्टला तीन लग (बंद केल्यावर अडकून बसणारे दात) आहेत म्हणून हँडल ७० अंशच उचलावं लागतं (दोन लगवाल्यांना साधारण ९०), स्कोप खाली बसवला तरी बोटं अडकत नाहीत. पण काडतुसावर आपटणाऱ्या पिनची स्प्रिंग तेवढ्याच कमी फिरण्यात दाबायची असल्याने उचलताना जोर जास्त लागतो, नवीन असताना तर बोल्ट जरा खरखरीतच वाटतो. ट्रिगर मस्त, ३ ते ५ पौंडांमध्ये स्वतः सेट करता येतो, आणि चापाच्या मधोमध ती छोटी पट्टी असते ती दाबल्याशिवाय चाप मागे येतच नाही. ही कल्पनापण सॅव्हेजच्या अ‍ॅक्युट्रिगरने लोकप्रिय केलेली.

मॅगझिन प्लास्टिकचं, चालतं, पण लॅच नीट बसलाय का ते प्रत्येक वेळी ओढून बघा. आणि सेफ्टी अंगठ्याखाली आहे हे छान, फक्त मूळ मॉडेलमध्ये ती बोल्ट लॉक करत नाही. म्हणजे सेफ्टी लावूनच काडतुसं बाहेर काढता येतात हा फायदा, पण झुडपातून जाताना हँडल फांदीत अडकून बोल्ट उघडू शकतो, तर मधून मधून हात लावून बघत जा.