मुंबई सिटी एफसी: करंडक मिळाले, आता घर हवे

डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालक कंपनीने, इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) खेळणाऱ्या मुंबई सिटी एफसीमधील आपला हिस्सा सोडला आणि क्लबची सूत्रे पुन्हा रणबीर कपूर आणि बिमल पारेख या संस्थापक मालकांकडे आली. माणसे जुनीच असली तरी ही मालकी चाहत्यांच्या दृष्टीने नवी आहे, कारण २०१४ मध्ये त्यांनी सुरू केलेला क्लब आणि आज त्यांच्या हाती आलेला क्लब यांत मोठे अंतर पडले आहे. फुटबॉल क्लब ही शहराला मिळणारी एक सेवा आहे असे मी मानतो. तिकीट काढणाऱ्या, जर्सी विकत घेणाऱ्या आणि कामावरून थेट मैदान गाठणाऱ्या माणसाला त्या बदल्यात नेमके काय मिळते, हे तपासायला हवे. म्हणून गेल्या सहा वर्षांच्या मालकीचे हे परीक्षण, आणि त्यासोबत पुढच्या मालकीकडून असलेल्या अपेक्षा.

खेळाबद्दल तक्रारीला जागा नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला, तोवर मुंबई सिटीकडे निकोलस अनेल्का, फ्रेडी ल्युंगबर्ग, दिएगो फोर्लान अशी मोठी नावे येऊन गेली होती, पण करंडक एकही नव्हता. नव्या व्यवस्थापनाने नावांचा मोह सोडून संघाची बांधणी केली. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आले, त्यांच्यासोबत अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बुमू आणि गोव्याचा मंदार राव देसाई असे त्यांची पद्धत जाणणारे खेळाडू आले आणि २०२०-२१ च्या पहिल्याच हंगामात लीग शील्ड (साखळी फेरीत अव्वल आल्याबद्दल) आणि आयएसएल करंडक (अंतिम सामना जिंकल्याबद्दल) अशी दोन्ही जेतेपदे मिळाली. गोव्यात फातोर्ड्याला झालेल्या अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानविरुद्ध ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने केलेला गोल आजही चाहत्यांना पाठ आहे. पुढे डेस बकिंगहॅम यांच्या संघाने २०२२-२३ च्या लीगमध्ये सलग १८ सामने न हरता शील्ड जिंकली आणि पेत्र क्रात्की यांच्या संघाने मे २०२४ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानला ३-१ असे हरवून करंडक आणला. तीन प्रशिक्षक बदलले तरी खेळण्याची रीत बदलली नाही, आणि भारतीय फुटबॉलमध्ये हे क्वचितच पाहायला मिळते.

या काळातील सर्वांत मोलाची आठवण मात्र देशाबाहेरची आहे. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत इराकच्या अल कुवा अल जविया या क्लबला मुंबई सिटीने २-१ असे हरवले. त्या स्पर्धेच्या गटफेरीतील भारतीय क्लबचा तो पहिला विजय होता आणि निर्णायक गोल हेडरने केला तो राहुल भेकेने, म्हणजे मुंबईच्याच मुलाने. मालकी परदेशी, प्रशिक्षक परदेशी, मैदान परदेशी, आणि गोल मुंबईकराचा. क्लबकडून चाहत्याला काय हवे असते याचे याहून नेमके उदाहरण मला देता येणार नाही.

आता मैदानाकडे वळू. अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोडवरील शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात मुंबई फुटबॉल एरिना आहे. मेट्रोच्या आझाद नगर स्थानकातून उतरले की चालत पोहोचता येते, आणि सामन्याच्या दिवशी आकाशी जर्सी घातलेल्या माणसांच्या मागे चालत गेले तर रस्ताही विचारावा लागत नाही. मैदान लहान आहे, दहा हजार माणसेही मावत नाहीत, पण त्या लहानपणातच त्याची खरी गंमत आहे. वेस्ट ब्लॉक ब्लूज या चाहत्यांच्या गटाचे ढोल सुरू झाले की त्यांचा ठेका समोरच्या बाजूलाही अंगात उतरतो, टॅकलचा आवाज ऐकू येतो, बचावपटूला ओरडून सूचना देणारा गोलरक्षक ऐकू येतो, आणि पंचांनी हात वर करण्याआधीच फाऊल कोणाचा यावर शेजारच्या अनोळखी माणसाशी वाद सुरू झालेला असतो. टीव्हीवर फुटबॉल पाहून मोठ्या झालेल्या मुलाला पहिल्यांदा मैदानात न्यायचे असेल, तर मुंबईत याहून चांगली जागा नाही.

अडचण अशी, की ही जागा क्लबची नाही. मैदान महापालिकेच्या संकुलात आहे आणि आशियाई स्पर्धेची वेळ आली तेव्हा ते अपुरे पडले. २०२३ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये इराणच्या नस्साजी क्लबविरुद्धचा मुंबई सिटीचा ‘घरचा’ सामना पुण्यात बालेवाडीला झाला, तर सौदी अरेबियाच्या अल हिलालविरुद्धचा नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. गटातील सहाही सामने संघ हरला, त्याचे मला फारसे दुःख नाही, कारण अल हिलालचा खर्च आणि आपला खर्च यांची तुलनाच होत नाही. पण अल हिलालचा नेमार जखमी होऊन आधीच बाहेर पडलेला असतानाही नेरूळला हजारोंची गर्दी जमली, याचा अर्थ या महानगरात फुटबॉलला प्रेक्षक आहे आणि त्याला बसवायला क्लबकडे स्वतःची जागा नाही. आणखी एक गोष्ट मनाला लागते. दोन शील्ड आणि दोन करंडक अशी जी चार जेतेपदे मिळाली, ती चारही निश्चित झाली मुंबईबाहेर, तीन गोव्यात आणि एक कोलकात्यात, आणि त्यातली पहिली दोन तर करोनाकाळातल्या रिकाम्या मैदानांवर. करंडक उंचावण्याचा सर्वांत मोठा क्षण मुंबईच्या चाहत्याने बहुतेक वेळा पडद्यावरच पाहिला. म्हणून नव्या मालकीकडे माझी पहिली मागणी मैदानाची आहे. मुंबईत जमिनीचे भाव काय आहेत हे ठाऊक असताना स्वतःचे स्टेडियम बांधा असे कोणी म्हणणार नाही, पण महापालिकेशी दीर्घ मुदतीचा करार करून अंधेरीचे मैदान आशियाई निकषांपर्यंत नेणे अशक्य नाही, आणि त्यावरचा खर्च एखाद्या मोठ्या परदेशी खेळाडूवरच्या खर्चापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकेल.

मैदानाचा आग्रह मी इतका धरतो, त्यामागे महाराष्ट्राचा कटू अनुभव आहे. २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा बलाढ्य संघ २०१० मध्ये बंद झाला. २००७ मध्ये सुरू झालेला मुंबई एफसी दहा वर्षांत संपला. पुण्याची कथा तर अधिकच वाईट आहे: २०१२-१३ च्या आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत दुसरा आलेला पुणे एफसी, एकच हंगाम खेळलेला भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी, असे चार क्लब आले आणि गेले. एफसी पुणे सिटीची आयएसएलमधील जागा २०१९ मध्ये हैदराबादला गेली आणि २०२५ मध्ये तीच जागा हैदराबादहून दिल्लीला. प्रत्येक वेळी मालकाचा हिशेब जुळला नाही म्हणून दुकान बंद झाले, आणि स्कार्फ, जर्सी, गाणी, रविवारच्या सवयी यांचे काय करायचे हे चाहत्यांचे चाहत्यांनीच पाहून घेतले. त्यामुळे मालक बदलल्याची बातमी आली की इथला चाहता ‘आता कोणता खेळाडू आणणार?’ असे विचारण्याआधी ‘क्लब राहणार ना?’ असे विचारतो. सिटी फुटबॉल ग्रुपसारखा अनेक देशांत क्लब चालवणारा मालकसुद्धा लीगच्या भवितव्याबद्दलच्या अनिश्चिततेमुळे निघून गेला, तेव्हा ही भीती निराधार म्हणता येत नाही.

याच राज्यात मालक नसलेले फुटबॉलही आहे. कोल्हापूरला पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा हे संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने पाहायला जी गर्दी होते, ती पाहिली की क्लब टिकतो कशावर हे कळते. तिथे मुलगा ज्या गल्लीत वाढतो त्या गल्लीचा संघ त्याचा असतो, आणि संघ हरला तरी गल्ली बदलत नाही. आयएसएलच्या क्लबला हे सगळे उसने घेता येणार नाही, तेवढा खर्च पेठेच्या वर्गणीवर भागणारही नाही. पण खेळाडू आणि प्रेक्षक एकाच वस्तीतले असले की नाते तुटत नाही, एवढे तरी शिकण्यासारखे आहे. मुंबई सिटीत राहुल भेके, अमेय रानवडे असे मुंबईकर खेळले आणि प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. अशी नावे दर दोन वर्षांनी पहिल्या संघात दिसावीत यासाठी वांद्रे, माहीम, धारावी, कुर्ला, मीरा रोड, वसई इथल्या शाळांपर्यंत आणि मैदानांपर्यंत क्लबची माणसे वर्षभर पोहोचली पाहिजेत. त्याच मुलांना सामन्याच्या दिवशी स्वस्त पास द्यावेत, म्हणजे आज चेंडू उचलून देणारा मुलगा उद्या चाचणीलाही येईल.

खेळाडूंच्या जाण्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. २०२४ चा करंडक जिंकल्यावर त्याच उन्हाळ्यात कर्णधार भेके आणि आघाडीवीर परेरा डियाझ बंगळुरूला गेले आणि मध्यफळीतला अपुइया मोहन बागानकडे. करार संपतात, चांगल्या ऑफर येतात, यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. परंतु जिंकलेला संघ चार महिन्यांत अर्धा रिकामा होतो, तेव्हा पुढची योजना काय आहे हे मालकाने चाहत्यांना चार वाक्यांत तरी सांगावे. ‘आमची सिटी’ ही घोषणा क्लबनेच दिली आहे. ती खरी ठरवायची असेल तर चाहत्यांच्या प्रतिनिधींना वर्षातून दोनदा समोर बसवून त्यांचे प्रश्न घेण्याइतका वेळ मालकांकडे असायला हवा.

हीच गोष्ट रंगांची आणि बोधचिन्हाची. सिटी ग्रुपच्या काळात जर्सीचा निळा मँचेस्टर सिटीसारखा आकाशी झाला आणि २०२३ मध्ये बोधचिन्हही बदलले. लोकांनी ते स्वीकारले, कारण संघ जिंकत होता. वेल्समधील कार्डिफ सिटीच्या मालकाने २०१२ मध्ये क्लबचा निळा रंग बदलून लाल केला आणि चाहत्यांच्या रोषानंतर २०१५ मध्ये तो परत आणावा लागला. इंग्लंडमध्ये तर २०२५ च्या कायद्याने नाव, बोधचिन्ह आणि घरच्या जर्सीचे रंग बदलण्याच्या मालकाच्या मर्जीला लगाम घातला आहे. नव्या मालकीने आकाशी ठेवावा की जुना निळा परत आणावा, यावर माझे ठाम मत नाही. निर्णय विचारून घ्यावा, एवढेच मत आहे.

गुण द्यायचे तर गेल्या सहा वर्षांच्या मालकीला संघबांधणीसाठी मी पाचपैकी पाच देईन, सामन्याच्या दिवसाच्या अनुभवासाठी चार आणि शहरात मुळे रुजवण्यासाठी दोन. नव्या मालकीला आत्ताच गुण देणे योग्य नाही. तिच्याकडून पहिल्या वर्षात करंडकाची अपेक्षा मी ठेवत नाही. पैसा कमी असेल तर तरुण संघ घेऊन मधल्या क्रमांकावर राहिले तरी अंधेरीचे स्टँड रिकामे होणार नाहीत. पण हंगाम सुरू होण्यापूर्वी तीन गोष्टी जाहीर व्हाव्यात: मैदान किती वर्षांसाठी नक्की आहे, युवा संघांसाठी वर्षाकाठी किती रक्कम बाजूला ठेवली आहे आणि क्लब विकण्याची वेळ आलीच तर चाहत्यांना ते किती आधी कळवले जाईल. या तिन्हींची लेखी उत्तरे मिळाली, तर हंगामाचा पास घेण्याची शिफारस मी प्रत्येक मुंबईकराला बिनदिक्कत करीन.