चार आवाज की एकच चाल? चर्चच्या क्वायरसाठी अभंग बसवताना

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा अभंग नाताळच्या उपासनेत घ्यायचा ठरला, की वडोदऱ्यात हा वाद निघतोच: सोप्रानो-आल्टो (बायकांचे उंच आणि खालचे आवाज) आणि टेनर-बास (पुरुषांचे तसेच दोन) असा चार आवाजांत बांधायचा, की पेटी-तबल्यावर सगळ्यांनी एकच चाल म्हणायची? माझ्या मते आधी राग बघावा.

बिलावलच्या अंगाची चाल असेल तर चार आवाज सुखाने बसतात. सा, म, प या तिन्हींवरचे कॉर्ड (एकदम गायचे तीन सूर) शुद्ध स्वरांतच मिळतात. भूपात मात्र म आणि नी वर्ज्य, म्हणून पूर्ण कॉर्ड दोनच निघतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. तिसरा शोधायला गेलात की वर्ज्य स्वर आल्टोच्या तोंडी येतो आणि भूप बिघडतो. यमनमध्ये म तीव्र (चढा), त्यामुळे 'आमेन'चा नेहमीचा शेवट, शुद्ध म वरच्या कॉर्डवरून सा वर येणारा, तिथे जमत नाही. भैरवीत रे-नी कोमल (उतरते), त्यामुळे प वरचा कॉर्डच लंगडा. साला परतल्याचं समाधान लागत नाही. शिवाय मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. चार आवाज एकदम मींड घेऊ लागले तर नुसता गलका होतो.

एकाच चालीची खोट पट्टीत आहे, म्हणजे सा पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा त्यात. बायकांना काळी चार (चौथी काळी पट्टी) सोयीची, पुरुषांना काळी एक. काळी एक धरली तर मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमाला बायका गप्प, काळी चार धरली तर तार सप्तकात पुरुष ओरडतात. चार आवाजांत ज्याची त्याची ओळ ज्याच्या त्याच्या गळ्यात बसते.

इंग्रजी हिमच्या (चर्चच्या स्तोत्राच्या) तयार चालीत मराठी शब्द कोंबणं मला पटत नाही. मोठ्या अभंगाचं माप ६-६-६-४ अक्षरांचं, तिकडचं नेहमीचं ८-६-८-६. ऱ्हस्व अक्षरं उगाच ताणली जातात.

भूप-यमनासाठी मी मधली वाट घेईन. चाल बायकांकडे, पुरुषांनी सा-प धरून ठेवायचा, आल्टोला शेवटच्या कडव्यात रागातलीच वेगळी ओळ. (मारव्यात पंचमही नाही, पण नाताळला मारवा कोण गाणार!)

शिकवायला स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) लागत नाही. १८८६ साली उस्ताद मौलाबक्षांची गायनशाळा निघालेलं हे गाव, सरगम इथे नवी नाही. प्रत्येक आवाजाची सरगम मात्रांसह लिहून दिली की पुरते. आणि टेनर दोनच असतील, तर बिलावलची चालही तीन आवाजांतच लिहा.